चेडूची नखं

धाकू परबांच्या पिंडाला कावळा शिवेना. एरवी कांदिवलीच्या मासळी बाजारात गिऱ्हाइकांपेक्षा कावळे जास्त. रविवारी सुरमई घेऊन निघालेला निलेश पिशवी छातीशी धरूनच बाहेर पडायचा. पण आज वडिलांच्या दहाव्याला घाटावरच्या पत्र्यावर दोन-चार कावळे नुसते बसून होते आणि पिंडाकडे ढुंकूनही बघत नव्हते. ऊन चढलं. भटजींना पुढे आणखी एक दहावं होतं, त्यामुळे ते सारखे मोबाइल काढून वेळ बघत होते.

अशा वेळी काय करायचं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि हात जोडून शब्द द्यायचा. निलेश पुढे झाला. "बाबा, आईला मी कधी अंतर देणार नाही." कावळे गप्प. "गावचं घर विकणार नाही." एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेने. मागून चुलते चंद्रप्रकाशकाका म्हणाले, "देवाच्या वर्साच्या कार्याचा बोल, तेंका तेची काळजी होती." तेही बोलून झालं. काही उपयोग नाही.

शेवटी निलेशची बायको गंधाली त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, मांजराचं बोल ना."

निलेशला चार माणसांत मांजराचं नाव घ्यायची लाज वाटली. तरी तो पुटपुटला, "बाबा, चेडूला मी घराबाहेर काढणार नाही. तिचं सगळं मी करीन. नखंसुद्धा मीच कापीन." त्याचं वाक्य पुरं होतंय तोच पत्र्यावरचा एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारत पुढे आला आणि भाताच्या गोळ्यात त्याने चोच घातली.

सगळ्यांनी हुश्श केलं. चंद्रप्रकाशकाका म्हणाले, "बघ, जीव मांजरात होतो." निलेशही सुटला, पण त्याला आतून वाईट वाटलं. आईचं नाव घेतलं तेव्हा बाबा हलले नाहीत आणि मांजराचं घेतल्याबरोबर आले. माणसाने मुलाला इतकंही हलकं करू नये, असं त्याला वाटलं आणि मग मेलेल्या बापावर रागावल्याबद्दल स्वतःचाच रागही आला.

तसं बघितलं तर धाकू परबांचा जीव मांजरात अडकावा यात नवल काही नव्हतं. माणूस मुलखाचा अबोल. तरुणपणी गिरणीत होते, संप झाला तेव्हा बाहेर पडले आणि पुढची पंचवीसेक वर्षं मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी लोखंड कापलं. घरात त्यांचा आवाज म्हणजे खोकल्याचा आणि चपलांचा. निलेशशी ते महिन्याकाठी जेवढं बोलत तेवढं मांजराशी एका सकाळी बोलत. चेडू म्हणजे त्यांच्या मालवणीत मुलगी. पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेलं ते करड्या रंगाचं पिल्लू त्यांनी उचलून आणलं, मुलगी नाही तर नाही म्हणून त्याचं नाव चेडू ठेवलं आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून तिची नखं कापायला सुरुवात केली.

नखं कापायला कारण होतं. निलेशची आई, वनमाला, हिला पंधरा वर्षांचा मधुमेह. पायाला मुंग्या, पायाला बधिरपणा, त्यामुळे बारा महिने तेरा काळ पायांत सुती मोजे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की पायाला साधं खरचटलं तरी ते चिघळेल, बोट जाईल, आणि हयगय केली तर पाय जाईल. चेडूला झोपायला नेमके तेच पाय लागत. तिला हाकलायला आई तयार नाही आणि नखं वाढू द्यायला बाबा तयार नाहीत, असा तो संसार चालला होता.

तेराव्यानंतरच्या रविवारी निलेश बाजारात गेला नाही. घरात मासे शिजवायचं अजून कोणाच्या मनात नव्हतं. चहाचा कप घेऊन तो गॅलरीच्या दारात आला आणि तिथेच थांबला.

वेताच्या खुर्चीत चेडू पाठीवर पडली होती. मांजर पाठीवर पडतं, त्यात काही नाही. पण तिचा पुढचा उजवा पंजा वर होता आणि हवेत स्थिर होता, कोणीतरी धरून ठेवल्यासारखा. निलेशच्या डोळ्यांदेखत त्या पंजातून एक नख बाहेर आलं. थोडा वेळ तसंच राहिलं, आत गेलं. मग शेजारचं बाहेर आलं. मांजर पंजा पसरतं तेव्हा सगळी नखं एकदम निघतात, एकेक करून निघत नाहीत. ती निघतात कोणी पंजाखालच्या गादीवर बोट दाबलं तर. चेडूचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि ती घुरघुरत होती.

निलेशच्या हातातला कप कलला आणि चहा पायावर सांडला. त्याला सरळ भीती वाटली, लहानपणी गावच्या घरात परसाकडे जाताना वाटायची तशी.

आई दाराशेजारच्या स्टुलावर बसली होती. तिने निलेशकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "गप रव," ती म्हणाली. "ते कापतत तिची."

"कोण, आई?"

"कोण म्हणजे? रविवार आसा ना आज?"

तिचा आवाज अगदी साधा होता. त्याने फरशी पुसली. नंतर चेडू उठून आत आली तेव्हा त्याने तिच्या पंजाला हात लावून बघितला. नखं होती तशीच होती, टोकदार. फरशीवर चालताना त्यांचा टिक टिक आवाज यायला लागला होता आणि बाबा असताना तो या घरात कधी ऐकू आला नव्हता.

गंधाली मुलुंडच्या शिकल्यासवरल्या घरातली. तिचा भुतांवर विश्वास नव्हता, पण सासूच्या पायांवर मात्र डोळा होता. "आईंना जे वाटायचंय ते वाटू दे," ती म्हणाली. "पण नखं तर कोणी कापत नाहीये ना? तू शब्द दिलायस. कापून टाक."

निलेशने शनिवारी संध्याकाळी तो बेत केला. खरं तर शनिवारी नखं कापू नयेत, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही, पण त्याला आईसमोर आणि रविवारी ते काम करायचं नव्हतं. बाबांची कातरी कुठे सापडली नाही म्हणून त्याने स्वतःचं नेलकटर घेतलं, चेडूला मानगुटीला धरून मांडीवर दाबलं आणि बेडरूमच्या अर्ध्या उजेडात पहिलं जे नख हाताला लागलं ते मुळापासून कचकन दाबलं. चेडूने जो आवाज काढला तो ऐकून शेजारच्यांनी बेल वाजवली. नख उभं चिरलं होतं आणि त्यातून रक्त येत होतं. निलेशच्या मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या. मांजर पलंगाखाली गेलं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर आलं नाही.

आई दारात उभी होती. "तेंच्या कामात हात कित्याक घातलंस?"

"आई, काम कोणी करत नाहीये. नखं वाढलीत तिची. तुझ्या पायाला लागलं तर वाट लागेल."

"माका आवाज येता," आई म्हणाली. "कट्, कट्. तू बाजारात जातंस तेव्हा. मी बसलेली आसतंय थंय."

"बाबांची कातरी कुठेय?"

"तेंच्याकडे आसा," असं म्हणून ती वळली.

त्यानंतर त्या घराला एक विचित्र सवय लागली. रविवारी सकाळी खुर्चीत कोणी बसत नसे. निलेश बाजारात जाऊ लागला, पण परत येताना जिन्यातच त्याची पावलं जड व्हायची. दार उघडलं की गॅलरीतून वेत करकरल्याचा आवाज यायचा, बसल्याजागी माणूस जरा सरकला की येतो तसा. आत जाऊन बघावं तर आई स्टुलावर, मांजर खुर्चीत, पंजा हवेत. आणि आईची नजर मांजरावर नसून त्याच्या थोडी वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असेल तिथे. एकदा तर तिचा पाय स्टुलावरून जरा पुढे सरकलेला त्याने पाहिला. त्याला बघून तिने तो झटकन साडीखाली घेतला. निलेशला वाटलं, मुंग्या आल्या असतील.

आणि चेडूची टिक टिक वाढतच होती. ऑफिसात, पवईच्या त्या काचेच्या इमारतीत, कोणी पेन वाजवलं तरी निलेश मान वळवून खाली बघायचा. जेवता जेवता तो अर्ध्यावर थांबायचा. शब्द दिलेला माणूस शब्द पाळत नाही म्हणून बाप खुर्चीत येऊन बसतो, हे तो गंधालीला बोलून दाखवू शकत नव्हता, पण त्याचा त्यावर पुरता विश्वास बसला होता.

मग एका सकाळी फरशीवर रक्ताचा डाग दिसला. आईच्या डाव्या मोज्याच्या पुढच्या टोकाला लाल-तपकिरी ठिपका होता.

"मांजरान वरबाडल्यान," आई म्हणाली. "हळद लावलंय."

"दाखव बघू."

"काय दाखवूचा? सुकला ता." तिने पाय मागे ओढून घेतला. गंधालीने विचारलं तरी तेच. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, रविवार होऊन जाऊ दे, मग बघू.

त्या दिवशी निलेश खरोखर घाबरला. भुताला माणूस एकवेळ सवयीने घाबरायचा थांबतो, पण डॉक्टरने सांगितलेलं बोट जाण्याचं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. मांजर बाहेर काढावं तर शब्द मोडतो. ठेवावं तर आईचा पाय. चेडूला पिशवीत घालून तो मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. रिक्षात तिने इतका आकांत केला की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं, आणि टेबलावर ठेवल्यावर ती थरथरत तोंडाने श्वास घ्यायला लागली. रत्नप्रभा नावाच्या त्या बाई निलेशवर चिडल्या नाहीत, पण फार हसल्याही नाहीत.

"हिला इकडे आणून रडवण्यापेक्षा घरीच कापा," त्या म्हणाल्या. "माणसाचं नेलकटर वापरू नका, नख चिरतं. मांजराची छोटी कातरी मिळते, ती घ्या. तिचं जेवण झालं, ती सुस्तावली की मांडीवर घ्या, भरपूर उजेडात. धडपडली तर टॉवेलमध्ये गुंडाळा, एकच पंजा बाहेर ठेवा. बोटाखालची गादी हलकेच दाबा, नख आपसूक बाहेर येईल. आतला गुलाबी भाग दिसतो ना, तो जिवंत असतो. त्याच्या पुढचं पांढरं टोक तेवढंच घ्यायचं. चुकून रक्त आलंच तर थोडं मक्याचं पीठ दाबून धरा. आणि तिने पंजा ओढला की सोडून द्यायचा. जबरदस्ती केलीत तर पुढच्या वेळी देणार नाही. एका दिवसात दोन नखं झाली तरी चालतील."

निलेश ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर बाबांची बोटं येत होती. त्याने इतकी वर्षं ती येता-जाता पाहिली होती, पण ती काय करतात ते कधी थांबून बघितलं नव्हतं.

रविवारी तो बाजारात गेला नाही. चेडूची ताटली चाटूनपुसून साफ झाल्यावर त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि गॅलरीत आला. आई स्टुलावर बसलेलीच होती. खुर्ची रिकामी होती. निलेश जाऊन तिच्यात बसला.

खुर्ची ऊबदार होती. ऊन अजून समोरच्या इमारतीच्या टाकीवरच होतं, आणि चेडू आत स्वयंपाकघरात. निलेशला वाटलं उठावं. तो उठला नाही.

आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पदराच्या गाठीतून एक फडक्याची पुरचुंडी काढून त्याच्या हातात दिली. आत बाबांची छोटी कातरी होती, मुठीशी घासून गुळगुळीत झालेली. तिच्यासोबत आणखी एक जाडजूड पोलादी नेलकटर होतं. निलेशने ते बाजूला ठेवलं. मांजरासाठी ते कशाला लागत असेल ते त्याला कळलं नाही.

चेडू आली. खुर्चीसमोर थांबून तिने वर पाहिलं. निलेशच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या खांद्यामागे, जरा उंचावर. मग तिने उडी मारली आणि मांडीवर गोल फिरून पाठीवर पडली. टॉवेलची गरजच पडली नाही. निलेशने पंजा हातात घेतला आणि गादीवर अंगठा टेकवला. दाबायच्या आधीच नख बाहेर आलं होतं. त्याच्या अंगठ्यावर कसला तरी भार होता, हलका, पण होता.

"हात दी गो, चेडवा," तो म्हणाला. निलेश मालवणी कधी बोलत नसे. कॉलेजात असताना त्याला तिची लाज वाटायची आणि पुढे ती सुटूनच गेली होती. "दी, बाय माझी. आता झाला."

कट्. पांढरं टोक खाली पडलं. चेडू घुरघुरत राहिली. चिरलेलं नख नवीन वाढत होतं, ते त्याने सोडून दिलं. एकदा तिने पंजा ओढला तेव्हा त्याने लगेच हात उघडला. थोड्या वेळाने तिने तो आपणहून परत ठेवला. पुढचे दोन्ही पंजे झाले, मागचेही झाले. निलेशला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दिलेला शब्द पुरा झाला होता, आईच्या पायाचा धोका टळला होता, आणि आता बाबांनी जायला हरकत नव्हती. चेडू उडी मारून उतरली. फरशीवरून गेली तेव्हा आवाज आला नाही.

"झाला तिचा?" आईने विचारलं.

"झालं."

"मग ते उठूक नाय कशे?" आई त्याच्या खांद्यामागे बघत होती. तिच्या आवाजात भीती नव्हती, तिला नुसतं अवघडल्यासारखं झालं होतं. "बसले हत अजून. तिचा झाला की माजी कापायचे ना."

आईने वाकायचा प्रयत्न केला, पण तिचा हात गुडघ्याच्या खाली जाईना. तेव्हा तिने एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाचा मोजा सरकवत सरकवत काढला.

नखं पिवळी पडली होती, जाड झाली होती आणि बोटांवरून पुढे वळली होती. अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख वाकून पलीकडच्या बोटाच्या मांसात रुतलं होतं आणि तिथेच रक्त सुकलं होतं, हळदीने माखलेलं. ती जागा दोन बोटांच्या मध्ये होती. मांजराचा पंजा तिथे पोचलाच नसता.

या पायांवर निलेशने पाडव्याला डोकं ठेवलं होतं. बाबांच्या तेराव्याला ठेवलं होतं. मोज्यांवरून.

"आई," तो म्हणाला. "सांगितलं का नाहीस गं?"

"काय सांगू?" आई गॅलरीच्या गजांकडे बघत म्हणाली. "नवऱ्यान माजे पाय मांडयेर घेतल्यान, ह्या लोकांका सांगतत? म्हणान तर ते तुका बाजारात धाडायचे. कोन इला तर मांडयेर मांजर. चेडूची नखा कापतंय म्हणून सांगूक बरा. माका वाकूक होयना तेव्हापासून तेच कापीत. गंधाली चांगली आसा, पण सुनेक कशी सांगू? आणि झिलाक पाय धर म्हणून कोणत्या तोंडान सांगू?"

निलेश खुर्चीतून उठला आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. तिचा पाय त्याने मांडीवर घेतला. पाय गार होता आणि वाटला होता त्यापेक्षा खूप हलका. आईने तो लाजून मागे ओढला. त्याने लगेच सोडला, हात उघडा ठेवून बसला, आणि थोड्या वेळाने तिने तो आपणहून परत ठेवला.

"रुतलेलं आहे ते मी नाही कापत," तो म्हणाला. "ते उद्या डॉक्टर काढतील, मी रजा टाकतो. बाकीची कापतो. दुखलं तर सांग."

त्याने ते जाड नेलकटर उचललं, बोट उजेडाकडे वळवलं, आतला भाग कुठवर आहे ते नीट पाहिलं आणि फक्त पुढचं टोक धरलं. कट्. आई खुर्चीकडे बघत होती. दुसरं नख, तिसरं नख. त्याच्या पाठीमागे वेत करकरला, सावकाश, म्हातारं माणूस दोन्ही हातांवर भार देऊन उठतं तसा, आणि मग गप्प झाला.

आईने पदर तोंडाशी नेला. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. घाटावर नाही, तेराव्याला नाही. आता ती आवाज न करता रडत होती आणि तिचा पाय निलेशच्या हातात हलत होता. निलेशला मागे वळून बघायचं होतं. पण दुसरा पाय अजून मोज्यातच होता, म्हणून त्याने तोही मांडीवर घेतला आणि मोजा काढला.